पृथ्वीच्या चुंबकाची थरथर

दोऱ्याने टांगलेली चुंबकसुई उत्तर-दक्षिण उभी राहते, हे खेड्यातील शाळेचे मूलही सांगते. थोडा वेळ ती हेलकावे खाते, मग थांबते, आणि थांबली की थांबलीच असे आपण समजतो. पण वाचकहो, ती कधीच पुरती थांबत नाही. जळगावच्या शाळेत असो की धुळ्याच्या, दिवसा-रात्री ती अतिशय बारीक अशी थरथरत असते. कधी सेकंदाला एक झोका, कधी अर्ध्या मिनिटाला, तर कधी पाच-दहा मिनिटांना एक. ही थरथर आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण उपकरणाला दिसते. तिला शास्त्रात भूचुंबकीय स्पंदने म्हणतात. ती किती बारीक आहे, कोठे उपजते, कोणत्या वाटेने आपल्या तापीकाठापर्यंत येते, आणि आल्यावर आपल्या काय उपयोगी पडते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

प्रथम तिचे माप घेऊ. चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एक लहान माप आहे, नॅनोटेस्ला. जुन्या वेधशाळांच्या वह्यांत यालाच गॅमा म्हणत. खानदेशात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे बळ ४० हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक भरते. आणि स्पंदनाचे? ते साधारण एक नॅनोटेस्ला, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या थैलीत एका रुपयाची उलथापालथ! दुसऱ्या रीतीने सांगतो. मध्यापासून टोकापर्यंत एक मीटर लांब अशी सुई केली, तरी एका नॅनोटेस्लाने तिचे टोक एका मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकेच सरकेल. डोक्याचा केससुद्धा यापेक्षा जाड असतो.

सुई हलण्याची इतरही कारणे आहेत. त्यांची या थरथरीशी गल्लत होऊ देऊ नये. पृथ्वीचे मुख्य चुंबकत्व सुमारे २९०० किलोमीटर खोलीखाली असलेल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींतून निर्माण होते. ते बदलते, पण वर्षानुवर्षांच्या सावकाश चालीने. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतःच थोडासा चुंबकीय आहे, म्हणून सातपुड्यातल्या एखाद्या कड्याजवळ सुई वाकडी दिशा दाखवते. पण तो फरक त्या जागेचा असतो. तो आजही तेवढाच, उद्याही तेवढाच. सूर्य उगवला की उंच आकाशातील विद्युत्‌प्रवाह वाढतात आणि सुई दिवसभरात जराशी फिरून संध्याकाळी परत येते. हा झाला रोजचा फेरा. आणि सूर्यावर मोठी उलथापालथ झाली तर शेकडो नॅनोटेस्लांचे चुंबकीय वादळ येते. या सगळ्यांच्या अंगावर, नदीच्या मोठ्या लाटेवर बारीक तरंग दिसावेत तशी ही स्पंदने स्वार झालेली असतात.

मग ती प्रथम कोणाला दिसली? मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे चुंबकाची नोंद नेमाने होऊ लागली. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेस एक प्रचंड चुंबकीय वादळ आले. त्या वेळी कुलाब्याला क्षेत्राचे आडवे बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले होते. ही नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पण ती घेतली होती माणसाच्या डोळ्याने, ठराविक मिनिटांच्या अंतराने. दोन नोंदींच्या मध्ये सुई किती वेळा थरथरली, हे तीत सापडणार कसे? त्याच वादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत मात्र प्रकाशाचा ठिपका सरकत्या छायाचित्र-कागदावर अखंड रेघ काढत होता. त्या रेघेवर बारीक, बऱ्यापैकी नियमित अशा नागमोडी उमटल्या. बाल्फोर स्टुअर्ट यांनी १८६१ साली त्या प्रसिद्ध केल्या, आणि या स्पंदनांची शास्त्रात नोंद झाली.

आपल्या महाराष्ट्रात पुढे एक निराळीच अडचण उभी राहिली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या यायच्या होत्या. ट्रामचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा असतो आणि गाडी सुटली, थांबली की तो कमीजास्त होतो. त्यातला काही जमिनीत झिरपतो. त्याचा चुंबकीय परिणाम स्पंदनांच्याच चालीचा असल्याने खरे काय नि ट्रामचे काय, हे निवडता येत नाही. त्या वेळी कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांच्या कारकिर्दीत खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. तिच्या बांधकामात चुंबकाला बाधणारे साहित्य टाळले होते. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी सोबत वाचने घेतली, म्हणजे जुन्या नोंदीला नवी नोंद नीट सांधली जावी. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा चुंबकसुया सुखरूप अलिबागला पोहोचल्या होत्या. ती वेधशाळा आजही चालू आहे. १९७१ साली स्थापन झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते.

आता ही थरथर उपजते कोठे ते पाहू. तिचे मूळ आपल्या पायाखाली नाही. ते आहे आकाशात, पृथ्वीपासून पन्नास हजार, लाख किलोमीटर दूर. सूर्यातून विद्युद्भारित कणांचा एक विरळ झोत सतत बाहेर वाहत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. सूर्यापासून इथवरचे पंधरा कोटी किलोमीटर अंतर तोडायला त्याला चारएक दिवस लागतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला अडवते. शेताला बांध असावा तशी एक सीमा सूर्याच्या बाजूला सुमारे साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर तयार होते. वारा तिला वळसा घालून दोन्ही अंगांनी पुढे निघून जातो.

हतनूरच्या धरणाच्या पाण्यावरून वारा वाहू लागला की काय होते? पाण्यावर प्रथम सुरकुत्या उठतात, मग लाटा. सौर वारा पृथ्वीच्या चुंबकीय सीमेला घासून जातो तेव्हा तिच्या दोन्ही कुशींवर अशाच लाटा उठतात. मिनिटामिनिटांनी येणारी मंद स्पंदने पुष्कळशी यातून जन्मतात. हा पहिला उगम.

दुसरा उगम सीमेच्याही पुढे, सूर्याच्या बाजूला आहे. पुलाच्या खांबावर पुराचे पाणी आपटते, तेव्हा खांबाच्या पुढे पाण्याची एक कमान उभी राहते. तशी कमान सौर वाऱ्यातही पृथ्वीपुढे उभी असते. तिच्यावर आपटून काही कण उलटे फिरतात आणि वाऱ्याच्या तोंडावर चालू लागतात. बाजाराच्या दिवशी गर्दीच्या उलट कोणी घुसला तर जशी खळबळ माजते, तशी खळबळ हे कण माजवतात. या खळबळीचा झोका किती सेकंदांचा, हे सौर वाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या बळावर ठरते. ते क्षेत्र पाच नॅनोटेस्ला असेल तर झोका साधारण तीस-पस्तीस सेकंदांचा पडतो. क्षेत्र जोरकस झाले की झोका लवकर लवकर येतो. खानदेशात भर दिवसा जी स्पंदने टिपली जातात, त्यांत या घराण्याची पुष्कळ असतात.

तिसरा उगम रात्रीच्या बाजूचा. सूर्याच्या विरुद्ध दिशेला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र लाखो किलोमीटर लांब शेपटासारखे ओढले गेले आहे. त्यात ताण साठत जातो आणि मधूनच एकदम सुटतो. गोफणीचा दोर सुटावा तसा, बरं का! त्या क्षणी ध्रुवांकडच्या प्रदेशात आकाशात रंगीत प्रकाश झळकतो, आणि जवळजवळ त्याच वेळी आपल्याकडे, मध्यरात्रीच्या निजलेल्या गावावर, चुंबकाची सुई चार-सहा वेळा थरथरून हळूहळू शांत होते.

दिवसाच्या सलग स्पंदनांचा आणि या अचानक येऊन विरणाऱ्या स्पंदनांचा स्वभाव निराळा. म्हणून १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सलग आणि तुटक असे त्यांचे दोन मोठे गट केले, आणि झोक्याच्या कालावधीवरून पोटभेद पाडले. एक-पंचमांश सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंतचे सगळे झोके तीत बसतात.

उगम झाला, आता प्रवास. पोकळीतून ही थरथर येते तरी कशी? तुणतुण्याची तार डोळ्यांपुढे आणा. तार छेडली की लाट तारेवरून धावते. तार जितकी ताणलेली, तितकी लाट वेगवान. तार जितकी जड, तितकी लाट मंद. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय बलरेषा अशाच ताणलेल्या तारा आहेत असे समजा. त्यांना ताण चुंबकीय बळाचा, आणि वजन त्यांना चिकटून असलेल्या विद्युद्भारित कणांचे. अशा तारेवरून लाट धावू शकते, हे स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली गणिताने दाखवले. या विषयातल्या कार्यासाठी त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पृथ्वीभोवतीच्या प्रदेशात या लाटांचा वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर, कोठे हजाराच्याही वर असतो. पुढे १९५४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी सांगितले की, बलरेषेची दोन्ही टोके पृथ्वीजवळ घट्ट बांधलेली असल्याने ती तुणतुण्याच्या तारेसारखी आपल्या ठराविक सुरात वाजते. ध्रुवांकडची रेषा आकाशात फार दूरवर जाऊन येते, म्हणून तिचा झोका मिनिटांचा. खालच्या अक्षांशांची रेषा आखूड, म्हणून तिचा झोका थोड्या सेकंदांचा.

शिक्षकबंधुभगिनींनो, याचा एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. दोन खुंट्यांमध्ये जराशी सैल दोरी बांधा. तिला चार-पाच दगड दोऱ्यांनी टांगा. त्यांतल्या दोन दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या ठेवा, बाकीच्या लांब-आखूड. आता सारख्या लांबीच्यांपैकी एका दगडाला झोका द्या. थोड्या वेळाने त्याचा जोडीदार आपोआप डोलू लागेल. बाकीचे मात्र जेमतेम हलतील. याला अनुनाद म्हणतात. चुंबकीय सीमेवर उठलेल्या लाटेत ज्या कालावधीचा झोका असतो, त्याच कालावधीची बलरेषा तेवढी जोरात डोलू लागते, बाकीच्या नाही. १९७४ साली शास्त्रज्ञांनी हे गणिताने मांडले. त्यामुळे दूरच्या लाटेची शक्ती एखाद्या ठराविक अक्षांशावरच का एकवटते, याचा उलगडा झाला.

पण खानदेशाची गोष्ट थोडी निराळी आहे. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ. तोलून टांगलेली सुई आपल्याकडे उत्तरेला सुमारे ३० अंशच खाली झुकते. त्यामुळे आपल्या डोक्यावरची बलरेषा काही शे किलोमीटर वर चढते आणि लगेच दक्षिण गोलार्धात उतरते. साठ हजार किलोमीटर दूरच्या सीमेपर्यंत ती पोहोचतच नाही. मग तिकडची लाट इकडे येते कशी? तर रेषेच्या लांबीने न येता रेषांना आडवी छेदत येते. भरलेल्या एस.टी. गाडीत दाराशी चढणाऱ्याने रेटा दिला की माणसांमागून माणसे दबत तो रेटा मागच्या बाकापर्यंत जातो. चुंबकीय रेषा शेजारच्या रेषांना अशाच रेटत असतात. दिवसाची स्पंदने या रेट्याने आत आत येत आपल्यापर्यंत पोहोचतात. सीमेपासून इथवर यायला त्यांना एक-दोन मिनिटे पुरतात.

शेवटचा टप्पा उरला. जमिनीपासून शंभरएक किलोमीटर उंचीवर हवेचा विद्युद्भारित थर आहे, त्याला आयनांबर म्हणतात. त्याखालची हवा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तारेवरची ती लाट आयनांबराशीच थबकते. पण थबकताना ती त्या थरात विद्युत्‌प्रवाह झुलवते, आणि त्या झुलत्या प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र खाली आपल्या सुईला लागते. म्हणजे आपल्याला मिळतो तो निरोप आहे. मूळ बोलणारा दूर आहे, आयनांबर हा निरोप्या. निरोप्याने काही शब्द पुसट केले, काही दिशा फिरवल्या, तर ते ओळखून अर्थ लावणे हे शास्त्रज्ञांचे काम.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे ऐकून आमच्या कपाशीला आणि केळीला काय? रास्त प्रश्न आहे. ही थरथर जमिनीशी येऊन संपत नाही. ती जमिनीत शिरते आणि तेथे अतिशय क्षीण विद्युत्‌प्रवाह जागे करते. झोका जितका सावकाश, तितका तो खोल जातो. सर्वसाधारण खडकात सेकंदाचा झोका सुमारे पाच किलोमीटर खोल पोहोचत असेल, तर शंभर सेकंदांचा झोका पन्नास किलोमीटरपर्यंत जातो. वर चुंबकाची थरथर आणि जमिनीतली विजेची थरथर एकाच वेळी मोजली, तर कोणत्या खोलीवरचा थर वीज चांगली वाहतो आणि कोणता अडवतो, हे एकही भोक न पाडता कळते. सोव्हिएत शास्त्रज्ञ तिखोनोव्ह यांनी १९५० साली आणि फ्रान्सच्या काग्न्यार यांनी १९५३ साली ही रीत मांडली.

नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यानचा पट्टा हा भारताच्या भूकवचातला एक जुना सांधा आहे. वर काळ्या पाषाणाचे थर एवढे, की खाली काय आहे ते पाहणे कठीण. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी या पट्ट्यात याच रीतीने मोजणी केली. पाषाणाखाली काही ठिकाणी त्याहून जुने गाळाचे थर दडलेले आहेत, आणि सातपुड्याच्या पोटात आजूबाजूच्या खडकांपेक्षा वीज चांगली वाहणारे भाग आहेत, असे दिसून आले. तेथे खोल फटींत खारट द्रव अडकलेले असावेत, असा एक अर्थ लावला जातो. चोपडे तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे ऊन पाणी बाहेर येते, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. या सांध्याखालची जमीन समजून घेतल्याशिवाय अशा ऊन झऱ्यांचा आणि या भागातल्या भूकंपांचा विचार पुरा होत नाही.

येथे तुमच्या मदतीचा प्रश्न येतो. अशी मोजणी करणारे लोक शेतात येतात तेव्हा काही दशक मीटर अंतरावर लहान खड्डे करून विद्युद्‌ग्र पुरतात, तारा अंथरतात आणि चुंबकीय वेटोळी मातीत गाडतात, कारण वाऱ्याने वेटोळे हलले तरी ते स्पंदनासारखे दिसते. रात्रभर, कधी दोन-तीन दिवस उपकरण तसेच ठेवतात. त्यांना हवी असते ती केवळ शांतता. जवळून ट्रॅक्टर गेला, लोखंडी नांगर कोणी ओढून नेला, विहिरीवरची मोटर वारंवार चालूबंद झाली, बैलाच्या पायात तार अडकली, तर साठ हजार किलोमीटरवरून आलेला निरोप त्या गलबल्यात बुडून जातो. मुंबईत ट्रामने जे केले असते तेच. तेव्हा रीतसर परवानगी व ओळख दाखवून असे कोणी आले तर तारांना हात लावू नका आणि तेवढा वेळ जनावरे दुसऱ्या बांधावर बांधा. या शांततेचे तुम्हाला काही मोल पडत नाही, पण त्यांच्या कामाचे सगळे मोल तिच्यावरच अवलंबून असते.

दुसरी सूचना याहून महत्त्वाची. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूगर्भातील पाणी उपशाने खोल गेले आहे आणि कूपनलिकेसाठी माणूस कर्ज काढतो. अशा वेळी कोणी हातात सुई किंवा कांब घेऊन 'जमिनीच्या चुंबकीय लहरींवरून पाणी दाखवतो' असे म्हणाला, तर आताच केलेला हिशेब आठवा. एका नॅनोटेस्लाने मीटरभर सुईचे टोकसुद्धा केसाच्या जाडीइतके हलत नाही. ते हातातल्या सुईत दिसणे शक्य नाही. शास्त्रज्ञांची मोजणीसुद्धा किलोमीटरांच्या खोलीचे थर सांगते, तुमच्या बांधावर कोठे खणावे हे सांगत नाही. त्यासाठी जमिनीत बॅटरीने वीज सोडून रोध मोजण्याची वेगळी रीत आहे. तिचेही अंदाज कधी चुकतात, पण ती मोजणी आहे, नजरबंदी नव्हे. याबाबत विचारायचेच असेल तर राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात विचारावे. तसेच या स्पंदनांनी आजार होतो किंवा बरा होतो, असे कोणी सांगितले तर त्यावरही पैसा घालू नये. शाळेतल्या साध्या चुंबकपट्टीच्या टोकाशी त्यांच्या लाखो पटींनी अधिक बळ असते, आणि ती पट्टी मुले रोज हाताळतात.

गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे. आपल्या गावावरचे आकाश रिकामे नाही. त्यात ताणलेल्या तारा आहेत, त्यांवरून सूर्याच्या वाऱ्याचे धक्के धावत येतात आणि आपल्या काळ्या मातीखाली पन्नास किलोमीटरपर्यंत उतरतात. त्यांचे बळ एका नॅनोटेस्लाचे. पण ज्यांनी चांगले उपकरण लावले, नोंद रोजच्या रोज लिहिली आणि गलबल्यापासून दूर शांत जागा राखली, त्यांना त्या एका नॅनोटेस्लाने पृथ्वीच्या वरचेही सांगितले आणि पोटातलेही. कुलाब्यापासून अलिबागपर्यंतच्या वह्यांनी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हेच काम केले आहे. शाळेच्या ओसरीवर रोजचा पाऊस आणि रोजची उष्णता वहीत मांडणारे मूलही त्याच कामाचा पहिला धडा गिरवत असते.